पेंढा कुजवायला कॅप्सूल, बाटली की पावडर? गोव्यातल्या भातशेतांसाठी पारख

सरदाचे (पावसाळी हंगामाचे) भात कापून झाले की वायंगणाच्या (हिवाळी पिकाच्या) लावणीपर्यंत हातात साधारण सहा आठवडे उरतात. विळ्याने कापणी व्हायची तेव्हा पेंढा गोठ्यात किंवा माडाच्या आळ्यात जायचा, शेतात वीतभर धसकटे राहायची. आता कंबाईन शेतात उतरते, दाणे घेऊन जाते आणि मागे गुडघ्याजवळ येणारी धसकटे आणि त्यांवर पेंढ्याच्या जाड ओळी सोडून जाते. गुरे कमी झाल्यामुळे तो गोळा करायला कोणी येत नाही. मग एक तर त्याला काडी लावली जाते, नाहीतर पाणी भरून तो तसाच चिखलात गाडला जातो. दोन्हींत नुकसान आहे, आणि ते टाळण्यासाठी तीन जैविक उत्पादने शेतकऱ्यांच्या हाती आहेत: पुसा डीकंपोझरच्या (कुजवणाऱ्या बुरशींच्या) कॅप्सूल, गाझियाबादच्या केंद्राचे वेस्ट डीकंपोझर ही बाटली आणि दुकानात मिळणारी ट्रायकोडर्मा पावडर.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. तिन्ही उत्पादने खरी आहेत, तिन्ही स्वस्त आहेत, पण पेंढा ओला, तुकडे झालेला आणि मातीला लागलेला नसेल तर तिन्हींचा उपयोग शून्य. गोव्याच्या हवेत उष्णता मुबलक आहे, अडचण पाण्याची आहे. खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतांत) ते जास्त असते, मोरडीत (उंचावरच्या शेतांत) महिन्याभरात आटते. उत्तरेत नोव्हेंबरच्या थंडीने बुरशी मंदावते म्हणून या औषधांवर टीका होते. इथे ऑक्टोबरात दिवसा तापमान ३० अंशांच्या वर आणि रात्री २३-२४ च्या आसपास असते, म्हणजे बुरशीला हवे तेच. म्हणून तिथल्या तक्रारी आणि तिथले कौतुक, दोन्ही जसेच्या तसे इथे आणू नये.

आधी पेंढा कशामुळे हट्टी आहे ते पाहू. त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर ७०-८० ला १ च्या आसपास असते, म्हणजे जिवाणूंना खायला कर्ब भरपूर आणि नत्र फारच थोडे. वरून सिलिकाचा चकचकीत थर असतो, त्यामुळे पाणीही लवकर आत शिरत नाही. पण याच पेंढ्याच्या एका टनात ५ ते ८ किलो नत्र आणि १४ ते २० किलो पालाश असते. १००० चौरस मीटरच्या शेतात ४००-५०० किलो पेंढा आणि धसकट पडते, म्हणजे साडेपाच ते १० किलो पालाश. पावसात धुपणाऱ्या आपल्या जांभ्या मातीत पालाश टिकत नाही, हे लक्षात घेतले तर ही रक्कम लहान नाही. पेंढा जाळला की नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. पालाश राखेत राहते खरे, पण उघड्या शेतातली राख परतीच्या एका सरीने बांधाबाहेर जाते.

पुसा डीकंपोझर हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे उत्पादन. चार कॅप्सूलच्या पाकिटाची संस्थेची किंमत २० रुपये, आणि तेवढ्यात २५ लिटर द्रावण होऊन एक हेक्टर शेत भागते. खर्च कॅप्सूलचा नाहीच, तो वेळेचा आहे. १५० ग्रॅम जुना काळसर गूळ ५ लिटर पाण्यात उकळायचा, वर येणारी मळी काढून टाकायची आणि पाणी पूर्ण थंड होऊ द्यायचे. गरम पाण्यात घाईने कॅप्सूल टाकल्या की अर्धे काम तिथेच बिघडते. मग ५० ग्रॅम बेसन गुठळ्या न होता मिसळायचे, कॅप्सूल उघडून आतली पूड टाकायची, लाकडी काठीने ढवळायचे आणि पसरट टबात पातळ कापड बांधून सावलीत ठेवायचे. भांडे पसरट हवे, कारण बुरशी पृष्ठभागावर वाढते. उंच डब्यात वर हातभर जागा मिळते आणि खाली आंबट पाणी उरते. तीन-चार दिवसांत वर रंगीत साय धरते. मग दर दोन दिवसांनी ५ लिटर कोमट गुळाचे पाणी घालत जायचे, या वेळी बेसन नाही, २५ लिटर होईपर्यंत.

म्हणजे सगळे धरून दहा-बारा दिवस लागतात, आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते. कंबाईन येऊन गेल्यावर टब भरायला घेतला तर सहा आठवड्यांतले दोन आठवडे टबातच संपतात आणि तोवर पेंढा वाळून कडक होतो. लोंब्या पिवळ्या पडू लागल्या, दाणा दाताखाली कडक लागू लागला, की द्रावण लावायला घ्यावे. तयार द्रावण चार-पाच दिवस सावलीत राहते, त्यामुळे कापणी थोडी पुढे गेली तरी बिघडत नाही. चिलटांच्या अळ्या पडू नयेत म्हणून कापड सुतळीने घट्ट बांधावे, आणि टब पाण्याच्या परातीत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. साय फोडून ढवळताना नाका-तोंडावर मास्क हवा. काळ्या-हिरव्या बुरशीच्या बीजाणूंची धूळ दम्याच्या माणसाला खरोखर त्रास देते, आणि पाकिटावरच्या सूचनांत ही गोष्ट ठळकपणे यायला हवी असे आम्हाला वाटते. याच औषधाची पाण्यात विरघळणारी पावडरही आली आहे. तिचे प्रमाण एकरी ३०० ग्रॅम आणि टबाची खटपट नाही. ती मिळत असेल तर लहान शेतकऱ्याने तीच घ्यावी.

सगळी प्रमाणे एकरात लिहिलेली असतात आणि आपण शेत चौरस मीटरमध्ये मोजतो, म्हणून हिशेब असा. एकरी १० लिटर द्रावण २०० लिटर पाण्यात, म्हणजे १००० चौरस मीटरला अडीच लिटर द्रावण आणि ५० लिटर पाणी. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाला ८०० मिलिलिटर द्रावण, आणि असे तीन पंप. द्रावण जुन्या सुती कापडातून दोनदा गाळावे, नाहीतर सायीचे तुकडे नोझलमध्ये अडकून दर दोन मिनिटांनी ते उघडावे लागते. बारीक तुषारांची इथे गरज नाही, मोठ्या भोकाचे नोझल लावावे.

पंपाबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती गोव्यात सगळ्यांत महत्त्वाची. ज्या पंपाने पावसाळ्यात सुपारीला कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारले, तोच पंप ऑक्टोबरात भातशेतात येतो. बोर्डोतले तांबे बुरशी मारण्यासाठीच असते, ते टाकीच्या तळाशी आणि नळीत निळसर थर होऊन बसते आणि आपले औषध टाकीतच मरते. साध्या पाण्याने तो थर जात नाही. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने टाकी आणि नळी धुवून नंतर दोनदा स्वच्छ पाणी मारावे. शक्य असेल तर जैविक औषधांसाठी पंपच वेगळा ठेवावा. द्रावण तांब्याच्या भांड्यातही करू नये. नळाचे पाणी वापरत असाल तर ते आदल्या रात्री उघड्या बादलीत काढून ठेवावे, क्लोरीन उडून जाते.

फवारणी संध्याकाळी करावी असे सगळीकडे लिहिलेले असते. कारण बरोबर आहे, कडक उन्हात बीजाणू मरतात. पण आपल्याकडे ऑक्टोबरात गडगडाट करून येणारी सर दुपारनंतर किंवा तिन्हीसांजेला येते, आणि मारलेले औषध तासाभरात पाटात जाते. त्यामुळे इथे पहाटे, दव असताना मारावे आणि त्याच मागोमाग पॉवर टिलर घालावा. औषध पेंढ्यासकट मातीत गेले की ऊन आणि पाऊस दोन्हींची भीती संपते.

शेतातला क्रम महत्त्वाचा आहे. कापणीनंतर लगेच बांधाला तोंड पाडून साचलेले पाणी काढावे. कंबाईनने टाकलेल्या पेंढ्याच्या ओळी दाताळ्याने सारख्या पसराव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. जिथे जाड थर राहतो तिथे टिलरची पाती पेंढ्याने गुंडाळली जातात, औषध तळापर्यंत पोचत नाही आणि डिसेंबरात त्याच पट्ट्यात रोप पिवळे दिसते. पसरल्यावर १००० चौरस मीटरला ३ ते ४ किलो युरिया विस्कटावा (टनाला ८ किलो हे कंपोस्टचे जुने प्रमाण), मग फवारणी, मग ७ ते १० सेंटिमीटर खोलीचा टिलर. खोल नांगरू नये, बुरशीला हवा लागते आणि ती वरच्या थरातच असते. युरिया औषधाच्या टाकीत कधीही घालू नये. तो वरखताच्या हिशेबातून वजा करावा, कारण तो वाया जात नाही, पेंढा कुजल्यावर पुन्हा पिकाला मिळतो. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी युरियाऐवजी ताज्या शेणाचा पातळ काला शिंपावा, वेळ थोडा जास्त लागेल.

पुढचे पंचवीस दिवस काम फक्त ओल राखण्याचे. मूठभर माती-पेंढा घेऊन आवळावा: तळवा ओला व्हायला हवा, थेंब गळायला नको. दहाव्या-बाराव्या दिवशी टिलर दुसऱ्यांदा फिरवावा. वीस-पंचवीस दिवसांत पेंढा कुजतो हा दावा आम्ही असा वाचतो: पेंढा तपकिरी-काळा पडतो, दोन्ही हातांनी ओढला की न वाजता तुटतो, आणि चिखलणीत पात्यांना गुंडाळत नाही. धसकटांचे बुडखे आणि गाठी तेव्हाही दिसतात. तेवढे पुरेसे आहे. माती होण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये आणि विकणाऱ्याने दाखवू नये. यानंतर पाणी भरून आठ-दहा दिवस थांबावे आणि मग लावणी.

खोडकिडीच्या अळ्या धसकटांत दडून राहतात, त्या या उथळ नांगरटीने उघड्या पडतात. हा फायदा औषधाचा नव्हे, टिलरचा, पण तो खरा आहे. उलट पर्णकोष करप्याने शेत बसले असेल तर तो पेंढा तिथेच कुजवू नये. त्या बुरशीच्या गुठळ्या मातीत जिवंत राहतात. असा पेंढा उचलून ढिगात घालावा, तिथली उष्णता त्यांना संपवते.

आता जमिनीप्रमाणे. खेर जमिनीत (मधल्या उंचीवरच्या रेताड शेतांत), जिथे पाटाचे पाणी हाती आहे, हे औषध सगळ्यांत चांगले काम करते. मोरडीत कापणीनंतर ओल झपाट्याने जाते. तिथे वायंगण घेत नसाल तर औषधाची गरजच नाही: ओल आहे तोवर उथळ नांगरून ठेवा, जूनपर्यंत वेळ आहे, आणि उघडा वाळका पेंढा न राहिल्याने मार्च-एप्रिलची आगही टळते. अळसांदे (चवळी) पेरणार असाल तर पेंढा ओळींच्या मध्ये आच्छादन म्हणून ठेवावा, तो ओल धरतो. खाजनात मात्र आम्ही हे औषध घ्यायला सांगणार नाही. जिथे सरदानंतर मानशीतून (बांधातल्या झडपेतून) खारे पाणी आत घेऊन मासे-सुंगटे (कोळंबी) धरतात, तिथे बुरशी बुडून मरते, आणि पाण्यात सडणारा पेंढा विरघळलेला प्राणवायू ओढून घेतो, म्हणजे माशांचेही नुकसान. खाजनातला पेंढा बांधावर काढून माडाच्या आळ्यात किंवा ढिगात घालावा, मजुरी लागली तरी.

वेस्ट डीकंपोझर ही गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राची (आताचे नाव राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र) बाटली, २०१५ पासूनची, किंमत २० रुपये. करायला ती सगळ्यांत सोपी. २०० लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी आणि २ किलो गूळ, त्यात बाटली हात न लावता रिकामी करायची, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचे, वर कापड. पाच-सहा दिवसांत रंग दुधाळ होतो आणि आंबट-गोड वास येतो. गटारासारखा वास आला तर ते माडाच्या बुडात ओतून पिंप धुवावे, शेतात नेऊ नये. तयार द्रावणातले २० लिटर बाजूला ठेवून त्यावर पुन्हा २ किलो गूळ आणि पाणी घालून नवे पिंप भरता येते, म्हणून एक बाटली आयुष्यभर पुरते असे सांगितले जाते. इथे आम्ही सहमत नाही. उघड्या पिंपात दर फेरीला हवेतले आणि पाण्यातले जिवाणू शिरतात, गूळ सगळ्यांनाच आवडतो, आणि काही फेऱ्यांनंतर पिंपात नेमके कोण वाढते आहे ते डोळ्यांनी कळत नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर वीस रुपयांची नवी बाटली आणावी. दुसरी अडचण वजनाची. त्याचे प्रमाण एकरी २०० लिटर, म्हणजे १००० चौरस मीटरला ५० लिटर तयार द्रावण, आणि रस्त्यापासून चार बांध आत असलेल्या शेतात तेवढे वाहून नेणे सोपे नाही. पाटाच्या पाण्याबरोबर सोडता येत असेल तर उत्तम, नाहीतर घरामागच्या ढिगासाठीच ते ठेवावे. तिथे ते फार छान काम करते: कचऱ्याचे १८-२० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर द्रावणाने भिजवलेला, दर आठवड्याला पालटणे.

ट्रायकोडर्मा पावडर मुळात मूळकूज-मरसाठी नोंदवलेली आहे, कुजवणे हा तिचा जोडगुण. ती सेल्युलोज (पेंढ्यातला तंतू) चांगले खाते, लिग्निनसमोर (लाकडासारख्या कठीण भागासमोर) कमी पडते. म्हणून भाताच्या पेंढ्याला ठीक, चुडतांना (माडाच्या झावळांना) एकटी अपुरी. शेतात १००० चौरस मीटरला २५० ग्रॅम पावडर १० किलो ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर गोणपाटाखाली ठेवावी आणि मग विस्कटावी. कोरडी उधळली तर पैसे वाऱ्यावर. भातानंतर मिरची, वांगी, भाजी घेणाऱ्यांनी तिन्हींतून हीच निवडावी, कारण रोपांच्या मरीवरही ती उपयोगी पडते.

ढीग करायचा तर पेंढा आदल्या दिवशी भिजवून ठेवावा, दीड मीटर रुंद आणि मीटरभर उंच रचावा, आणि टनाला १ किलो कंपोस्ट कल्चर, ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट थरांमध्ये वाटून घालावे. वर झाप घालावेत. तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर काम सुरू आहे. कोमटच लागली तर एक तर ढीग कोरडा आहे किंवा फार लहान. कुळागरातल्या (सुपारी-माडाच्या बागेतल्या) सुपारीच्या पोवल्या (पानांचे रुंद देठ) आणि माडाची चुडते हातभर तुकडे केल्याशिवाय ढिगात घालू नयेत. नारळाच्या झावळांसाठी १० भाग पाला आणि १ भाग शेण असे मिसळून दोन-तीन आठवडे आधी कुजवावे आणि मग गांडुळे सोडावीत, हा रस्ता कुठल्याही बाटलीपेक्षा आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

बिघाड कसा ओळखायचा? चिखलात पाय टाकला की बुडबुडे येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो, याचा अर्थ पेंढा हवेविना सडतो आहे. लावणी झालेली असेल तर तीन-चार दिवस पाणी काढून जमिनीला बारीक भेगा पडू द्याव्यात. लावणीनंतर दोन आठवड्यांत खालची पाने सारखी पिवळी पडली तर जिवाणूंनी नत्र अडवले आहे. वरखताचा पहिला हप्ता आठवडाभर आधी द्यावा. पानांवर तांबूस ठिपके येऊन ती गंजल्यासारखी दिसली तर ती लोहाची बाधा असू शकते. जांभ्या मातीत लोह भरपूर असते, आणि ताजा पेंढा पाण्याखाली सडला की ते विरघळून मुळांकडे येते. तिथे युरिया वाढवून काही होत नाही. पाणी काढणे आणि पालाश देणे हा उपाय, आणि पुढच्या हंगामाआधी माती तपासून चुना. या तिन्ही लक्षणांत दोष औषधाचा सांगितला जातो, पण बहुतेक वेळा पाणी लवकर भरलेले असते.

खरेदी करताना ट्रायकोडर्माच्या पुड्यावर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि दर ग्रॅममागे जिवंत बीजाणूंची संख्या पाहावी. १ टक्का पावडरीत ती किमान २ × १०⁶ हवी. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेला पुडा मुदतीत असला तरी घेऊ नये, उष्णतेने आतले बीजाणू मेलेले असतात. 'उत्पन्न दुप्पट' असे छापलेली बाटली परत ठेवावी. कॅप्सूल आणि कल्चरची चौकशी जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेच्या आवारातल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या विभागीय कृषी कार्यालयात करावी, आणि ती सप्टेंबरच्या सुरुवातीला करावी.

पहिल्या वर्षी शेताच्या एका कडेला पाच मीटरचा पट्टा औषधाविना ठेवावा. पसरणे, युरिया, टिलर, ओल, सगळे तिथेही तसेच, फक्त फवारणी नाही. विसाव्या दिवशी दोन्हीकडचा पेंढा उपटून ओढून पाहावा. दोन्हीकडे तो सारखाच तुटत असेल, तर तुमच्या मातीत कुजवणारे जीव आधीच पुरेसे आहेत, आणि पुढच्या वर्षी पैसे पेंढा पसरायच्या मजुरीवर घालावेत.